मुधोळचे धावते धन : कारवानी श्वान

मैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ साली वसविण्यात आलेले चामराजपेट हे बंगळुरूच्या जुन्या पेठांबाहेरचे पहिले आखीव विस्तारनगर मानले जाते. सरळ मुख्य रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते, कन्नड साहित्य परिषदेची वास्तू, आणि १९३९ पासून रामनवमीच्या दिवसांत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर भरणारा संगीतोत्सव ही या वस्तीची ओळख. जुन्या बैठ्या घरांच्या जागी आता मजल्यांवर मजले चढत आहेत आणि घराभोवतालचे अंगण बहुतेक ठिकाणी वाहनांच्या जागेत विलीन झाले आहे. तरीही सकाळच्या पहिल्या प्रहरी या रस्त्यांवर एक लहानसे श्वानसंमेलन भरतेच. मूळचा कॅनडाच्या किनाऱ्यावरचा लॅब्राडोर, जर्मनीचा शेफर्ड, सैबेरियाच्या बर्फात स्लेज ओढण्यासाठी घडलेला आणि दक्षिण भारताच्या उन्हात धापा टाकणारा हस्की, एका दूरध्वनी कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीने घरोघरी पोहोचविलेला चपट्या नाकाचा पग, असे सारे तेथे भेटतात.

या गर्दीत क्वचित एखादा उंच, सडपातळ, लांबट तोंडाचा, पोट पाठीला टेकलेला कुत्रा शांतपणे चालताना दिसतो. तो कोणाच्या अंगावर जात नाही, कोणाला अंगचटीला येऊ देत नाही आणि भुंकण्याचीही फारशी तसदी घेत नाही. त्याच्या मालकाला मात्र रोज एक प्रश्न ऐकावा लागतो : ‘याला पोटभर घालत नाही का?’ प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू दयेचाच असतो. परंतु ज्याची कीव केली जाते, तो प्राणी उपाशी नसतो. तो केवळ आपल्या देहात अनावश्यक अशी काहीही शिल्लक ठेवत नाही. बँकेच्या खात्याला न शोभणारी ही सवय धावपटूच्या शरीराला मात्र फार शोभते. हा मुधोळ हाउंड. महाराष्ट्राच्या सीमाभागात आणि दख्खनच्या खेड्यांत तो कारवानी या नावाने ओळखला जातो.

गंमत अशी, की बंगळुरूपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर, याच राज्यात त्याचे घर आहे, आणि तरीही या शहरात तो पाहुणाच वाटतो.

अंगकाठी

कुत्र्यांच्या जगात ढोबळमानाने दोन प्रकारचे शिकारी आढळतात. एक नाकाने माग काढणारे आणि दुसरे डोळ्यांनी सावज हेरून त्याचा थेट पाठलाग करणारे. कारवानी दुसऱ्या पंथाचा. ग्रेहाउंड, सालुकी, अफगाण हाउंड, उत्तर हिंदुस्थानातील रामपूर हाउंड ही त्याची भावकी. या साऱ्यांची बांधणी एकाच गरजेतून झाली आहे, ती म्हणजे उघड्या मैदानावर सशासारख्या चपळ प्राण्याला गाठणे.

नर साधारणपणे २७ ते २९ इंच आणि मादी २५ ते २७ इंच उंच असते. एवढी उंची असूनही वजन मात्र बहुधा २० ते २८ किलोंच्या दरम्यान. एवढ्याच उंचीचा लॅब्राडोर पाळला, तर तो सहज याच्या दीडपट भरेल! डोके अरुंद आणि लांब, कानांच्या मध्यभागी किंचित रुंद होऊन नाकाकडे निमुळते होत गेलेले. जबडा लांब व मजबूत. कान मध्यम आकाराचे, डोक्याला चिकटून लोंबणारे. डोळे मोठे, लंबगोल, गडद किंवा पिंगट छटेचे, आणि त्यांतील भाव किंचित दूरस्थ. मान लांब आणि डौलदार. छाती खोल, कारण तिच्यात मोठे हृदय आणि मोठी फुप्फुसे सामावायची असतात. पोट आत ओढलेले, कंबर लवचीक, मांड्या स्नायूंनी भरलेल्या, शेपूट लांब आणि टोकाकडे बारीक होत गेलेली. अंगावरचे केस आखूड व मऊ. काही कुत्र्यांच्या कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमी झालर असते, त्यांना ‘पश्मी’ म्हणतात. रंग फिकट बदामी, पांढरट, करडा, काळा, किंवा यांची मिश्रणे. रंगावरून जात ठरविण्याचा आग्रह जाणकार धरीत नाहीत, ते आधी पाय आणि छाती पाहतात.

या जनावराचे खरे सौंदर्य उभे असताना दिसत नाही, ते धावताना दिसते. पूर्ण वेगात असताना याचे चारही पाय एका ढांगेत दोन वेळा जमिनीवरून सुटतात. एकदा शरीर कमानीसारखे आकसून घेतलेले असताना आणि एकदा बाणासारखे लांबलेले असताना. पाठीचा कणा धनुष्याप्रमाणे वाकतो आणि उलगडतो. शेपूट सुकाणूचे काम करते, कारण ससा सरळ रेषेत कधीच पळत नाही आणि त्याच्या प्रत्येक वळणाबरोबर पाठलाग करणाऱ्यालाही वेग न मोडता वळावे लागते. डोळे डोक्याच्या बाजूंना बसविलेले असल्याने याचे दृष्टिक्षेत्र माणसापेक्षा बरेच विस्तृत असते. दूरवरची हालचाल तो चटकन टिपतो. समोर निश्चल उभी असलेली वस्तू मात्र त्याला तितकी आकर्षित करीत नाही. त्याचे सारे जग हालचालींचे आहे.

स्वभाव

शेफर्ड किंवा लॅब्राडोर पाळण्याची सवय असलेल्या माणसाला कारवानी प्रथम गोंधळात टाकतो. तो लाडीगोडी करीत नाही. परक्याने पाठीवरून हात फिरविलेला त्याला रुचत नाही. तो चावायला धावत नाही, अंग चोरून बाजूला होतो. घरच्या एक-दोन माणसांवर त्याची अढळ निष्ठा असते, परंतु ती निष्ठा तो अंगावर उड्या मारून दाखवीत नाही, त्यांच्या हालचालींवर लक्ष ठेवून दाखवितो. आज्ञापालनाच्या बाबतीत तर तो फारच स्वतंत्र बुद्धीचा. एकच आज्ञा दहा वेळा पाळून दाखविण्यात त्याला स्वारस्य वाटत नाही. यात मंदपणा नाही. मालकापासून अर्धा मैल पुढे धावणाऱ्या कुत्र्याला प्रत्येक क्षणाचा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो, कारण तेथे हाक पोहोचत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती अशाच स्वतंत्र निर्णय घेणाऱ्यांची.

याच कारणास्तव कठोर शिक्षा त्याला सोसत नाही. एकदा मारलेला कारवानी पुन्हा विश्वास टाकायला फार काळ घेतो, कधीकधी टाकतच नाही. साखळीने कायम बांधून ठेवला, तर तो चिडखोर किंवा भित्रा होतो. राखण तो करतो, पण दरवानाच्या पद्धतीने नव्हे. परका माणूस आवारात शिरला की उठून उभा राहणे, नजर रोखणे आणि गरज पडल्यास भुंकणे, एवढेच त्याच्या स्वभावात बसते. घरात असताना मात्र तो आश्चर्य वाटावे इतका शांत असतो आणि दिवसाचा पुष्कळसा भाग झोपून काढतो. वेगवान प्राण्यांचा हा सर्वसाधारण नियमच आहे.

दगडावर कोरलेला एक कुत्रा

दख्खनमध्ये कुत्रा आणि शिकार यांचे नाते किती जुने आहे, याचा एक बोलका पुरावा बंगळुरूतच आहे. कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय संग्रहालयाच्या संग्रहात आतकूर येथून आणलेली एक शिळा आहे. मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावी सापडलेला हा शिलालेख इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या मध्यातला, म्हणजे राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा दुसरा बूतुग यांच्या काळातला. ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. या युद्धात पराक्रम गाजविणाऱ्या मणलेर नावाच्या सरदारावर बूतुग प्रसन्न झाला आणि त्याने हवे ते मागण्यास सांगितले. मणलेराने गाव मागितले नाही की सोने मागितले नाही. त्याने राजाकडची ‘काळी’ नावाची कुत्री मागून घेतली.

पुढे एका मोठ्या रानडुकरावर ही काळी सोडण्यात आली. दोघे एकमेकांशी झुंजले आणि दोघेही मेले. मणलेराने तिच्या स्मरणार्थ आतकूरच्या मंदिरासमोर शिळा उभारली, तिच्यासाठी जमीन तोडून दिली, आणि शिळेची पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्यास पाप लागेल अशी तजवीजही लेखात करून ठेवली. शिळेच्या वरच्या भागात कुत्रा आणि रानडुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. काळी कारवानी जातीची होती, असे म्हणण्यास काहीही आधार नाही, आणि रानडुकराला भिडणारा कुत्रा बहुधा अधिक जाडजूड बांध्याचा असावा. परंतु राजाने विचारले असता वीराने कुत्रीच मागावी, एवढी प्रतिष्ठा या भूमीत शिकारी श्वानाला हजार वर्षांपूर्वी होती, हे त्या दगडावरून निःसंशय कळते. चामराजपेटहून संग्रहालयापर्यंतचे अंतर फार नाही. रविवारची एक सकाळ त्यासाठी खर्च करण्यासारखी आहे.

मुधोळ, घोरपडे आणि बेडर

कारवानी हे नाव कारवान, म्हणजे काफिला, या शब्दावरून आले असे मानतात. इराण, अफगाणिस्तान, अरबस्तान येथून दख्खनच्या सुलतानशाह्यांत घोडे, व्यापारी आणि सैनिक येत राहिले. त्यांच्या काफिल्यांबरोबर सालुकीसारखे सडपातळ शिकारी कुत्रेही आले आणि येथील कुत्र्यांशी मिसळून ही जात घडली, असा सर्वसाधारण समज आहे. सालुकीशी असलेले शारीरिक साम्य या मताला पुष्टी देते. लेखी दाखले मात्र विरळ आहेत, कारण ज्यांनी हा कुत्रा पाळला ते लिहिणारे लोक नव्हते.

ज्या गावाचे नाव या कुत्र्याला मिळाले ते मुधोळ आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात, घटप्रभेच्या खोऱ्यात आहे. कन्नडचा दहाव्या शतकातील महाकवी रन्न याच परिसरातला. मराठी वाचकाला मुधोळ आठवते ते घोरपड्यांमुळे. बहामनी काळात घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केल्याची आणि त्यावरून आडनाव मिळाल्याची कथा याच घराण्याची. बंगळुरूशीही या घराण्याचा एक कडवट संबंध आहे. बंगळुरू ज्यांच्या जहागिरीत होते त्या शहाजीराजांना १६४८ मध्ये जिंजीच्या छावणीत कैद करण्यात आले, तेव्हा त्या कामगिरीत मुधोळचे बाजी घोरपडे पुढे होते. त्याचा हिशेब शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मुधोळवर चालून जाऊन चुकता केला. पुढे दक्षिण मोहिमेच्या वेळी, १६७७ मध्ये, महाराजांनीच त्या घराण्यातील मालोजी घोरपड्यांना जुने वैर विसरून एकत्र येण्याविषयी पत्र लिहिले. हे पत्र मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे.

संस्थानिकांच्या या कथेत कुत्रा फार उशिरा येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांचे लक्ष आपल्या मुलखातील बेडर शिकाऱ्यांकडील कुत्र्यांकडे गेले. त्यांनी निवडक कुत्र्यांची पैदास हाती घेतली आणि एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली. तेथून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगतात. संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. राजवाड्याचा आश्रय गेला, नाव राहिले.

सर्व श्रेय राजाकडे जावे, अशी आपल्या इतिहासलेखनाची जुनी खोड आहे. वस्तुतः हा कुत्रा राजाने निर्माण केला नाही. तो बेडरांच्या, धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या झोपड्यांतून शतकानुशतके सांभाळला गेला. शिकारीवर जगणाऱ्या बेडरांना कुत्रा आणि हत्यार ही दोन्ही पोटाची साधने होती. मुधोळ संस्थानातील हलगली या गावाच्या बेडरांनी १८५७ मध्ये इंग्रजांच्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याविरुद्ध उठाव केला, तो याच पोटाच्या प्रश्नावरून. हत्यारे नोंदवा किंवा जमा करा, असा हुकूम सुटला, बेडरांनी तो मानला नाही. इंग्रजी फौजेने गाव वेढून जाळले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना फाशी देण्यात आली. हलगलीच्या बेडरांवरचे कन्नड पोवाडे उत्तर कर्नाटकात आजही गायिले जातात. कुत्र्याच्या वंशावळीत ज्या माणसांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, ती ही माणसे.

काम गेले तेव्हा

स्वातंत्र्यानंतर या जातीवर दोन बाजूंनी संकट आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आणली. बंदी आवश्यकच होती, माळावरचे ससे, काळवीट आणि माळढोक यांची दशा पाहता ती उशिराच आली असे म्हणावे लागेल. पण ज्याचे सारे अस्तित्व पाठलागासाठी घडले होते, त्या कुत्र्याचा रोजगारच त्यामुळे गेला. दुसरे संकट अधिक संथपणे आले. घटप्रभेच्या पाण्यावर मुधोळच्या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. ज्वारी कापल्यानंतर क्षितिजापर्यंत मोकळी पडणारी शेते उसाने भरून गेली. नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याला उसाच्या फडात काही दिसत नाही. त्याच्यासाठी तो फड म्हणजे भिंत.

तिसरी आपत्ती माणसाच्या हौसेतून आली. पश्चिम महाराष्ट्रात व आसपास श्वानांच्या शर्यती लोकप्रिय झाल्या. बक्षिसाच्या आशेने कारवानीत परदेशी ग्रेहाउंडचे रक्त मिसळले जाऊ लागले. अशा संकरातून थोड्या अंतरात अधिक वेग मिळतो, हे खरे. परंतु कारवानीचे वैशिष्ट्य केवळ वेग नव्हे. भर उन्हात, खडकाळ जमिनीवर, भाकरी आणि ताकदुधावर राहून पुन्हा पुन्हा धावण्याची त्याची चिवट ताकद ही शतकांची कमाई आहे. ती एका पिढीच्या संकराने पातळ होते. गावातले म्हातारे पारखी आजही पिलाच्या आईबापांना पाहिल्याशिवाय मत देत नाहीत, ते याच कारणाने.

नावाचाही एक वाद आहे. चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबने ‘मुधोळ हाउंड’ हे नाव स्वीकारले आहे. मुधोळकरांना अर्थातच दुसरे नाव प्रिय आहे. मात्र सोलापूर, सांगली, सातारा भागातील ज्या शेतकऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कारवानी आहे, त्याचा मुधोळच्या राजवाड्याशी काय संबंध, हा प्रश्नही रास्त आहे. डब्ल्यू. व्ही. सोमण यांच्या १९६३ मधील ‘द इंडियन डॉग’ या ग्रंथानंतर भारतीय श्वानांवर सविस्तर लेखन फार थोडे झाले. थिओडोर भास्करन यांच्या २०१७ मधील ‘द बुक ऑफ इंडियन डॉग्ज’ने ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. इंग्रजांच्या काळात भारतात आलेल्या परदेशी जातींनी देशी जातींना प्रतिष्ठेच्या पायरीवरून कसे खाली लोटले, हे या विषयाच्या प्रत्येक वाचकाच्या ध्यानात येते.

पुनरागमन

परिस्थिती पालटू लागली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी श्वानजातींवर तिकिटे काढली : हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, राजपालयम आणि मुधोळ हाउंड. तिकिटाने जात वाचत नाही, पण नाव शहरांत पोहोचले. त्यानंतर बीदर येथील कर्नाटक पशुवैद्यक, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथे श्वान संशोधन व माहिती केंद्र सुरू झाले. शुद्ध वंशाची जोपासना करणे, जवळच्या नात्यातील संकर टाळणे आणि स्थानिक शेतकऱ्यांना पैदाशीचे शास्त्र शिकविणे हे त्याचे काम. या परिसरातील शेकडो कुटुंबांसाठी कारवानीची पिले हे आता शेतीला जोड देणारे उत्पन्न आहे. वर्षाकाठी एक वेत नीट वाढले, तर मुलांच्या शाळेचा किंवा खताबियाण्याचा खर्च निघतो. येथे कुत्रा हा छंद नसून शेळी-म्हशीप्रमाणे घरचा आर्थिक आधार आहे. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनेही राजपालयम आणि चिप्पिपराई यांच्याबरोबर मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून अधिकृत नोंद केली.

सैन्यातील प्रवेश हा मोठा टप्पा ठरला. २०१६ मध्ये मीरत येथील रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात मुधोळ हाउंडना प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. तोवर लष्करी श्वानपथकांत परदेशी जातींचेच वर्चस्व होते. ऑगस्ट २०२० मधील ‘मन की बात’ कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशी कुत्रे पाळण्याचे आवाहन करताना या जातीचा उल्लेख केला आणि मुधोळच्या पिलांची मागणी एकाएकी वाढली. २०२१ मध्ये भारतीय हवाई दलाने धावपट्टीवरील पक्ष्यांना हुसकावण्याच्या कामासाठी ही पिले घेतली. हे काम तर जणू त्याच्यासाठीच आखलेले : लांबच लांब मोकळी जागा, दूरवर दिसणारी हालचाल आणि शिकार न करताही धावण्याचे निमित्त. २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या सुरक्षेची जबाबदारी वाहणाऱ्या विशेष सुरक्षा दलाने तिम्मापूरहून पिले नेली. सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’ नावाच्या मुधोळ कुत्रीने २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये परदेशी जातींना मागे टाकले. नजरेचा कुत्रा म्हणून ज्याला वासाच्या कामात दुय्यम लेखले जात होते, त्याच्या जातीने ही बाजी मारावी, याचे जाणकारांनाही कौतुक वाटले.

प्रसिद्धीची दुसरी बाजूही आहे. मागणी वाढली की पिले घाईने तयार केली जातात. एकाच मादीकडून वेतांमागून वेत घेतले जातात, ग्रेहाउंडचा संकर ‘अस्सल मुधोळ’ म्हणून विकला जातो. आणि बंगळुरू, पुणे, मुंबईसारख्या शहरांत ‘देशी’, ‘लष्करी’ कुत्रा म्हणून मोठ्या अभिमानाने आणलेले पिलू वर्षाच्या आत नकोसे होते. दोन खोल्यांच्या सदनिकेत कोंडलेला, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे फिरविलेला कारवानी सोफा फाडतो, दार उघडे सापडताच निसटतो आणि रस्त्याच्या पलीकडे पळणाऱ्या मांजराचा पाठलाग करताना वाहनाखाली सापडतो. दोष त्याचा नसतो. धावत्या वस्तूमागे धावणे हेच त्याला शिकविले गेले आहे, आणि बंगळुरूच्या रस्त्यावर सर्वच वस्तू धावत्या असतात!

चामराजपेटमध्ये कारवानी

मग शहरात हा कुत्रा पाळूच नये काय? तसे म्हणणे अतिरेकाचे होईल. बंगळुरूची हवा त्याला मानवते. आखूड केसांमुळे त्याची निगा सोपी. खाणेही बेताचे. मुधोळच्या गावांत त्याला ज्वारीची किंवा मक्याची भाकरी दुधात कुस्करून घालतात, वाढत्या पिलाला वर अंडे मिळाले तर उत्तम. त्याला लठ्ठ करण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. शेवटच्या दोन-तीन बरगड्यांची पुसट रेघ दिसणे हे त्याच्या बाबतीत आरोग्याचे लक्षण आहे. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर या वर्गातील कुत्र्यांच्या अंगात चरबी अत्यल्प असल्याने भुलीच्या औषधाबाबत विशेष काळजी घ्यावी लागते, याची आठवण पशुवैद्यकांना आधीच करून द्यावी.

खरी अट एकच, जागा. ती घरातली नव्हे, धावण्याची. चामराजपेटसारख्या दाट वस्तीत राहणाऱ्याने रोज सकाळी रहदारी सुरू होण्यापूर्वी त्याला लांब दोरीवर भरपूर चालवावे आणि आठवड्यातून निदान दोन-तीनदा सर्व बाजूंनी कुंपण असलेल्या मैदानात मोकळे सोडावे. कुंपण पाच फुटांपेक्षा कमी असेल, तर ते नसल्यासारखेच समजावे. त्याची मान डोक्याइतकीच रुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो, म्हणून रुंद पट्टा किंवा छातीवरून जाणारा सामान वापरणे श्रेयस्कर. पहिल्या वर्षभरात त्याला वाहने, गर्दी, मुले, फटाके यांची सावकाश ओळख करून द्यावी लागते. बुजरेपणा एकदा रुजला, की तो पुढे निघणे कठीण.

पिलू घेताना २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांची माहिती असणे उपयोगी पडते. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी तिच्यापासून पिले घेऊ नयेत, वर्षात एकाहून अधिक वेत घेऊ नये आणि तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेत होऊ नयेत, असे हे नियम सांगतात. विक्रेता आई दाखविण्यास टाळाटाळ करीत असेल, तर तेथूनच परतावे. आई दाखविली, तर तिला चार पावले धावायला लावून पाहावे. पाय स्वच्छ पडतात का, ती परक्याला पाहून थरथरते की फक्त दूर सरकते, हे पाहावे. थरथरणाऱ्या आईची पिले बहुधा तशीच निघतात. लसीकरणाचे कार्ड, जंतनाशकाच्या तारखा आणि वंशावळीचा कागद हाती घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, आणि त्याच खेपेस महापालिकेच्या नोंदणीसाठी लागणारे रेबीज लसीचे प्रमाणपत्र केव्हा मिळेल हेही विचारून ठेवावे, कारण ही लस साधारणपणे पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते.